अंगणात फूटभर माती राहू द्या

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या आसपासच्या कोणत्याही गावात जा. कासुर्डीत जा, नाही तर शेजारच्या गावात. नवे घर बांधले, की अंगणही झाकून टाकायचे अशी रीत आता पडू लागली आहे. कुठे फरशी, कुठे कोबा, कुठे सिमेंटचे ठोकळे. पावसात चिखल होत नाही आणि झाडायला सोपे जाते, हे खरे. तरीही भिंतीलगत निदान फूटभर रुंदीची पट्टी मातीचीच ठेवावी आणि तीत यंदा हॉलीहॉक लावावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

"झाडच हवे ना? मग कुंडीत लावू की!" असे घरचे म्हणतील. शेवंतीला कुंडी चालते. हॉलीहॉकचे सोटमूळ मात्र खोल जाणारे असते. लहान कुंडीत ते कोंडते आणि झाड खुरटते. एकदा वाढलेले रोप उपटून दुसरीकडे लावलेलेही त्याला सोसत नाही. म्हणून बी जागेवरच टोकावे, सुमारे एक सेंटिमीटर खोल आणि दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवून.

हॉलीहॉक म्हणजे गुलखैरा. लिनियसने १७५३ साली त्याला 'आल्सिया रोझिआ' हे नाव दिले. भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद यांच्याच कुळातले हे झाड. इंग्रजी पुस्तकांत ते पहिल्या वर्षी पाने आणि दुसऱ्या वर्षी फुले देते असे लिहिलेले असते आणि पेरणीचा काळही तिकडचाच दिलेला असतो. ते पंचांग आपल्या कामाचे नाही. आपल्या मैदानी भागात पाऊस ओसरला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पेरतात, हिवाळा सरता सरता फुले येतात आणि उन्हाळ्यात झाड संपते.

आता जागा कोणती? इथे थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. कासुर्डी साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो. म्हणजे दोन मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ १.८ मीटर पडते. पट्टी भिंतीच्या उत्तर अंगाला ठेवली, तर ऐन वाढीच्या दिवसांत झाडे सावलीत राहतील. दक्षिण अंगाला ठेवा. पटत नसेल, तर काठी उभी करून सावली मोजा.

झाड दीड-दोन मीटर वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो, आणि उंच दांड्यावर तो तरफेसारखा काम करतो. सर्वांत जास्त ताण बुडाशी येतो. म्हणून बांबूची काठी खोल रोवून सुतळीने दांडा दोन ठिकाणी सैलसर बांधावा. पाणी बुंध्याशी द्यावे. पाने ओली राहिली, की तांबेरा बळावतो. पानाखाली नारिंगी-तपकिरी पुळ्या दिसल्या, तर ते पान काढून नष्ट करावे. दौंड तालुका पर्जन्यछायेत आहे, तेव्हा पाणी जपूनच वापरायचे. बुंध्याभोवती पाचटाचे आच्छादन घातले, की ओल टिकते.

"यात परीक्षेचे गुण किती?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. फुलाची आकृती काढून गुण मिळतात, पण आकृती काढणाऱ्या कितीजणांनी फूल उघडून पाहिलेले असते? हॉलीहॉकचे फूल हाताएवढे, भिंग पुरते. मधोमध पुंकेसरांचा एकच स्तंभ दिसतो. त्याचे परागकण एवढे मोठे, साधारण एक दशांश मिलिमीटरचे, की शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे काटेसुद्धा दिसतात. आधी पराग बाहेर पडतात. कुक्षींचे बारीक तंतू स्तंभाच्या टोकातून मागाहून वर येतात. एकाच फुलात दोन अवयव वेगवेगळ्या वेळी पक्व होतात, यावर १७९३ साली पुस्तक लिहिणारा स्प्रेंगेल हा जर्मनीतल्या स्पांडाऊ गावच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याला महागडी उपकरणे लागली नाहीत. फुले लागली, आणि त्यांच्यापाशी बसून राहण्याची चिकाटी.

तुम्हीही एक प्रयोग करा. एकाच झाडाच्या तीन कळ्यांवर उमलण्यापूर्वीच मलमलीच्या पिशव्या बांधा, तीन कळ्या मोकळ्या ठेवा. मधमाशी पिशवीत जाऊ शकणार नाही. फळ म्हणजे चपट्या बियांचे एक चाकच असते. ते वाळले, की दोन्ही गटांतल्या भरलेल्या बिया मोजा. पिशवीतल्या फुलांना बी धरले, तर मागाहून आलेले तंतू आपल्याच परागांपर्यंत कसे पोहोचले, ते दुसऱ्या फुलात रोज सकाळी पाहून ठरवा. उत्तर माझ्याकडून घेऊ नका.

मोकळ्या फुलांचे बी रंग आणि तारीख लिहून कागदी पुडीत ठेवा. पुढच्या हिवाळ्यात लाल फुलाच्या बियांतून गुलाबी फूल आले, तर आळीतल्या कोणाच्या अंगणातून पराग आला असावा, ते हुडकता येईल. अर्थात त्या अंगणात माती उरली असेल तर.