पार्श्वसंगीताचा कंटाळा

सरत्या वर्षातील पावसाचा लहरीपणा आणि कागदाचे चढे भाव यांची उजळणी वाचकांनी आपापल्या घरी केलेलीच असल्याने, या संपादकीयाचा विषय आहे मराठी कथेतील पार्श्वसंगीत. यंदाच्या संगीत विशेषांकासाठी आलेल्या कथांत ‘दूरवरून येणारे आर्त सूर’ इतक्या वेळा ऐकू आले, की ते कोणत्या वाद्याचे, वाजवणारा कोण आणि त्याची बिदागी किती, हे प्रश्न लिहिणाऱ्यांना पडलेच नसावेत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या जॅझने तेथील कथेला असे सैल राहू दिले नाही. ठरलेल्या चालीत ऐनवेळी भर घालणे, म्हणजे उपज, आणि ठोका अपेक्षित मात्रेच्या अलीकडे वा पलीकडे देणे, ज्याला आपल्या तालशास्त्रात अनागत व अतीत म्हणतात, ही त्या संगीताची अंगे. जेम्स बाल्डविन यांच्या ‘सनीज ब्लूज’ (१९५७) या कथेत थोरला भाऊ धाकट्याला खऱ्या अर्थाने ऐकतो तो त्याच्या पियानोतून, तर टोनी मॉरिसन यांच्या ‘जॅझ’ (१९९२) या कादंबरीतील निवेदनच आपले म्हणणे चुकल्याचे कबूल करून नव्याने उठते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही १९३०च्या दशकात जॅझ वाजत होते, आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक संगीतकार सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात सामील होते; पण दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवणाऱ्या अशा गोवेकरांना मराठी कथेने क्वचितच उंबऱ्याच्या आत घेतले.

शाहीर रामजोशींच्या सोलापुरात तर इतके लांब जाण्याचेही कारण नाही. हलगीचे कातडे सैल पडले, की वादक काटक्या-कागदांचा जाळ करून ती त्यावर धरतो, टिचकी मारून आवाज पाहतो, आणि कातडे ताणल्यावरच तिच्यावर काडी पडते. तमाशात ढोलकीशी तिची जुगलबंदी लागते तेव्हा कोण कोणाला कोठे अडवणार, हे दोघांनाही आधी ठाऊक नसते. हे वाजवणे अनेक गावांत जातीवर लादलेले काम होते, आणि आंबेडकरी चळवळीत ते नाकारले गेले, हाही या वाद्याचाच इतिहास होय. ‘हलगी कडाडली’ एवढे लिहून पुढच्या परिच्छेदात शिरणाऱ्या कथेत तो जाळ नसतो आणि तो नकारही नसतो.

परिणामी संगीत विशेषांकात संगीतावरच्या कथा तीनच उरल्या. बाकीची पाने कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांना दिली असून, राशिभविष्याविरुद्ध पत्र लिहिणारे वाचक आपली रास आधी पाहून मगच पत्र लिहितात, हा या अंकाचा जुना अनुभव आहे.