वाण किती रुपयांचे?

(द्वितीय वर्ष कला, मराठी)

यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक सूचना लागली होती. विद्यार्थिनी मंडळातर्फे तिळगूळ समारंभ योजिला असून प्रत्येकीने किमान शंभर रुपयांची एक भेटवस्तू ‘आकर्षक गिफ्टपेपरमध्ये गुंडाळून’ आणावी, चिठ्ठ्या टाकून भेटींची अदलाबदल होईल, असा तिचा मजकूर होता. (समारंभाला हळदीकुंकू न म्हणता तिळगूळ म्हटले, त्यामुळे कुणाच्या कपाळाकडे पाहून तिला बाजूला बसवण्याचा प्रश्न उरला नाही, याबद्दल मंडळाला मनापासून धन्यवाद.) त्या दुपारी मी ग्रंथालयात बसले होते. समोरच्या बाकावर माझ्याच वर्गातल्या आणखी दोघी होत्या. तिघींनीही एकमेकींना काही विचारले नाही.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मंडळातल्या मुली माझ्या मैत्रिणी आहेत, आणि कुणाला वगळावे असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते, हे मी जाणते. पण त्या सूचनेतले ‘किमान’ आणि ‘गुंडाळून’ हे दोन शब्द मात्र अजून माझ्या मनातून जात नाहीत.

संक्रांतीचे वाण मुळात असते तरी काय? मातीचे एक सुगड, त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि चिमूटभर तीळगूळ. ही यादी कुणा शास्त्रीबुवांनी पोथीत पाहून केली असेल असे मला वाटत नाही. पौषात शिवारात जे उभे असते तीच ही यादी! माझ्या आईचे माहेर मंगळवेढ्याकडचे. तो ज्वारीचा मुलूख, त्यामुळे तिच्या लहानपणी सुगडात ओंबीऐवजी ज्वारीचे कणीस खोवलेले असे. कुंभाराला सुगडांबद्दल धान्य मिळे आणि बाकीचे सारे रानातून येई. बायका वाण ‘लुटतात’ असे आपण म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो. लुटण्यात हिशेब बसत नाही. कुणी किती दिले हे लक्षात ठेवायचे म्हटले तर ती लूट कसली?

आता आमच्या गल्लीत या. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही राहतो. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. होम मैदानावरच्या दुकानांतून आणि गल्लीत येणाऱ्या हातगाड्यांवरून प्लास्टिकच्या वाट्या, ट्रे, चहाची गाळणी, कंगवे, साबणाच्या डब्या डझनाच्या भावाने मिळतात. तेच आता वाण झाले आहे. आमच्या घरी एका वेळी एकच साबण असतो, साबणाच्या डब्या मात्र सात आहेत! त्यांतल्या दोन तर आईनेच पूर्वी कुणाला दिलेल्या होत्या, त्या फिरून आमच्याच फळीवर आल्या. ओटीचे ब्लाउजपीस जसे न शिवताच गावभर फिरतात, तशीच ही गत. फरक इतकाच की, ब्लाउजपीस शेवटी पोतेऱ्याच्या कामी तरी येतो. ही डबी तडकली की गटारीत जाते आणि पावसाळ्यात ती गटार आमच्या दाराशी तुंबते.

मी अकरावी-बारावीत असताना वडिलांचा कारखाना मधून मधून बंद असायचा. ती दोन वर्षे आई कुणाकडेच हळदीकुंकवाला गेली नाही. शेजारच्या काकू हाक मारायला आल्या की डोके दुखते म्हणायची. मी तेव्हा तिला कारण विचारले. “घेतलं की द्यावं लागतंय,” एवढेच ती म्हणाली. पुढच्या वर्षी तिने बचत गटातून हजार रुपये उचलले आणि चाळीस ट्रे वाटले. ऋण काढून सण करू नये, ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत लिहिली आहे, आणि मीही ती तिला ऐकवली. दोन वर्षे घरात बसून राहिलेल्या बाईला ते ट्रे कशासाठी हवे होते, हे समजण्याइतकी अक्कल तेव्हा मला नव्हती.

त्याच वर्षी मी प्रथम वर्षाला होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर व्याख्यान झाले होते आणि मी ते जसेच्या तसे घरी आणून आईपुढे ठेवले. पानात तंबाखू भरता भरता तिने सारे ऐकून घेतले आणि मग म्हणाली, “मंग काय देऊ, तूच सांग. तुझ्या पुस्तकात लिवलं असंल की.”

माझ्या पुस्तकात ते नव्हते. नंतर एका प्रदर्शनात मी मुद्दाम ‘पर्यावरणपूरक भेटवस्तू’ अशी पाटी लावलेला गाळा पाहिला. तागाचा छोटा बटवा ऐंशी रुपये, बिया घातलेल्या कागदाची वही त्याहून महाग, तुळशीचे रोप चाळीस रुपये, आणि ते रोप प्लास्टिकच्या काळ्या पिशवीत! आपली समजूत अशी की गरीब माणूस अज्ञानामुळे प्लास्टिक घेतो. मला हे सपशेल चूक वाटते. पंचवीस रुपयांत ‘वस्तू’ म्हणून दिसेल असे बाजारात दुसरे काही त्याला मिळत नाही, म्हणून तो ते घेतो. ज्यांना परवडते त्यांनी तागाचा बटवा द्यावा आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी व्याख्यान ऐकावे, ही वाटणी मला मान्य नाही.

या संक्रांतीला आम्ही शेंगाचटणी दिली. तिची युक्ती आईची, माझी नव्हे. शेजारून उखळ-मुसळ आणले, कारण मिक्सरमध्ये चटणीची नुसती पूड होते, तिला तेल सुटत नाही. पहिले सुगड भरून ठेवले तर सकाळपर्यंत सुगडानेच तेल पिऊन टाकलेले! मग आतून केळीच्या पानाचा तुकडा लावला. वडिलांनी मालकाला विचारून रुमालाच्या कापडाचे कडेचे तुकडे आणले. ते धुऊन, वाळवून सुगडाच्या तोंडावर बसवले आणि दोऱ्याने बांधले. दोरा बांधणे हे काम आईला कुणी शिकवावे लागत नाही. दिवसाला हजार वेळा ती तेच करते.

हिशेब सांगते. पस्तीस सुगडे आठ रुपयांप्रमाणे २८० रुपये, तीन किलो शेंगदाणे ३९० रुपये, मिरची, लसूण, जिरे, मीठ मिळून ७० आणि केळीची पाने ३०. एकूण ७७० रुपये, म्हणजे एक वाण बावीस रुपयांना पडले. ट्रेपेक्षा तीन रुपये कमी. पण हा हिशेब खरा नाही. दोन दिवस कुटण्यात आणि भरण्यात गेले, त्या दोन दिवसांत आईच्या हातून रोजच्या हजाराऐवजी सातशेच विड्या झाल्या. सहाशे विड्यांची मजुरी त्या बावीस रुपयांत कुठेच दिसत नाही. ‘भेट घरीच बनवा, स्वस्त पडेल’ असा सल्ला देणाऱ्यांनी कुणाच्या घरी आणि कुणाच्या हातांनी, हेही सांगावे. बायकांचा वेळ फुकट धरला की जगातली कोणतीही वस्तू स्वस्तच पडते.

गल्लीत काय झाले म्हणाल तर, एक वैनी “हे काय, खायचंच दिलं?” असे म्हणाल्या. चार दिवसांनी त्यांचीच मुलगी कुटायचे प्रमाण विचारायला आली. आणि ज्या घरी आई दोन वर्षे गेली नव्हती त्या घरी यंदा ओंजळभर बोरे व हरभऱ्याच्या दोन डहाळ्या मिळाल्या. दुसरे काहीच नाही. आई खुशीत परतली. परतफेडीचे ओझे त्या बोरांत नव्हते.

त्या चटणीचे एक सुगड समारंभाच्या दिवशी माझ्या पिशवीत होते. बावीस रुपयांचे. फलकावरचे ‘किमान शंभर’ आठवले आणि ते मी बाहेर काढले नाही.

आता गुंडाळण्याविषयी थोडे. समारंभानंतर दुसऱ्या दिवशी सभागृहामागे गिफ्टपेपरचा ढीग जळत होता. झाडणाऱ्या मावशींना विचारले तेव्हा कळले की रद्दीवाला हा चमकी कागद घेतच नाही. घेणार कसा? त्यातला पुष्कळसा कागद नसतोच, वर्ख चढवलेले प्लास्टिक असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर बहुधा कागद, आपोआप उलगडू लागला तर प्लास्टिक. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने बंद केलेल्या वस्तूंत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचे पातळ प्लास्टिकही आहे. भेटीवरच्या चमकीचे नाव त्या यादीत नाही, आणि आतल्या साबणाच्या डबीचेही नाही. वर्तमानपत्र वापरावे म्हटले तर वही, पुस्तक, रुमाल यांना ते उत्तम. खाण्याच्या पदार्थाला मात्र नको, त्याची शाई पदार्थाला लागते. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ सालीच तसे बजावले आहे. जुन्या साडीचा तुकडा, पळसाचे पान (चंदेरी द्रोण नव्हे, त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो), नाहीतर काहीच नाही. सुगडातले बोर झाकून ठेवायची गरज कुणाला कधी वाटली होती?

मंडळाला माझी विनंती एवढीच की, पुढील वर्षी सूचनेत ‘किमान’च्या जागी ‘कमाल’ लिहावे आणि आकडा वीसच्या वर नसावा. घरी केलेलेच आणा अशी सक्तीही नको. ज्या मुली सकाळी कामावर जाऊन वर्गाला येतात त्यांनी उखळ कधी हाती घ्यावे? मूठभर बोरे चालतील असे स्पष्ट लिहावे, म्हणजे आणणारीला संकोच वाटणार नाही. आणि प्राध्यापकवर्गाची क्षमा मागून सांगते की, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या पुष्पगुच्छावरचा जिलेटिन कागदही त्याच ढिगात जातो.

जानेवारीत ती सूचना पुन्हा लागेलच. फलकावर लिहायचे काम मंडळाने मला द्यावे. अक्षर माझे बरे आहे.