मास्क घालायला काय झालं होतं?

"मास्क घालायला काय झालं होतं त्यांना?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कोण कोण म्हणालं ते आठवतही नाही. पुण्यात लग्नाच्या पंगतीत ऐकलं, नागपूरला ऐकलं, आणि खुद्द यवतमाळात दत्त चौकात चहा पितानाही ऐकलं. विषय 2017 च्या फवारणीचा. त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. कुणाला हे सांगायला सुरुवात करावी तर आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरच्याचा निकाल तयार! निष्काळजीपणा, अडाणीपणा, मास्क. विषय संपला, श्रीखंड वाढा.

नातेवाईक मंडळी हे वाचतात याची कल्पना आहे. म्हणूनच लिहितोय.

झटपट मत बनवण्याचं हल्ली फार कौतुक आहे. 2005 साली माल्कम ग्लॅडवेलचं 'ब्लिंक' आलं आणि तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं की आपली पहिली नजर म्हणजे दैवी देणगी. (त्याच पुस्तकात पहिली नजर सपशेल फसल्याचीही उदाहरणं आहेत, पण ती कुणी सांगत नाही.) माणूस चेहरा पाहून सेकंदाच्या दहाव्या भागात मत बनवतो, हे विलिस आणि तोदोरोव यांनी 2006 मध्ये प्रयोगाने दाखवलं. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदललं नाही, फक्त स्वतःच्या मतावरचा विश्वास वाढला! म्हणजे वेग आणि खात्री दोन्ही भरपूर. बरोबर असण्याचा मात्र त्यात कुठे संबंध येत नाही.

आता माझं म्हणणं ऐका. झटपट विचार वाईट असतो असं मी म्हणत नाही. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये रात्री पेशंट येतो. घामाने निथळलेला, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर रिपोर्टची वाट बघत बसत नाही, अ‍ॅट्रोपिन सुरू करतो. हाही पहिल्या नजरेचाच निर्णय. पण पुढच्या काही मिनिटांत पेशंटची छाती आणि नाडी त्याला सांगतात की बाबा, बरोबर आहेस की चूक. मग तो डोस वाढवतो, किंवा थांबून विचारतो, "औषधाचा डबा आणलाय का?" कारण सगळी विषं एका जातीची नसतात. त्या वर्षी चर्चेत आलेलं डायफेन्थियुरॉन ऑर्गेनोफॉस्फेट नाही, त्याला ठरलेला उतारा नाही. वर मजूर दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होते.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे खरं तर एकमेकांच्या विरुद्ध पक्षाचे. दोघांनी मिळून 2009 मध्ये एक लेख लिहिला, त्याचं सार हेच आहे. जिथे परिस्थितीत काही नियम असतो आणि चूक लगेच कळते, तिथेच झटपट अंदाजावर भरवसा ठेवावा. आता सांगा, पंगतीत बसून "मास्क" म्हणणाऱ्याला त्याची चूक कोण आणि कधी कळवणार? त्याचा पेशंट त्याच्यासमोर मरत नाही.

आणि त्या मास्कमागे काय काय झाकलं जातं बघा. 2017 मध्ये बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आली. फवारण्या वाढल्या. कित्येक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती. एरवी फवारा कमरेखाली पडतो, त्या वर्षी तो तोंडावर येत होता. पाठीवर 15-16 लिटरचा पंप, वरून ऊन, खालून दमट वाफ, त्यात अंगाला चिकटलेला ओला सदरा. हे विष नुसतं नाकातून जात नाही, कातडीतून जातं. ओल्या सदऱ्याला मास्क काय करणार? फवारणारा बरेचदा शेताचा मालक नसतो, रोजीवर आलेला असतो. औषध त्याने निवडलेलं नसतं. ते कृषी केंद्रवाल्याने सुचवलेलं, बहुतेकदा उधारीत दिलेलं. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, सूचना मुंगीएवढ्या अक्षरात. आणि आम्ही सगळे त्या विषाला म्हणतो काय, तर 'औषध'. औषध मारलं का, औषध आणलं का.

मनुष्यस्वभावाच्या या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये नावही दिलं. दुसऱ्याचं काही वाईट झालं की आपण त्याचा स्वभाव बघतो, परिस्थिती दिसतच नाही. स्वतःच्या बाबतीत बरोब्बर उलटं. 2020-21 आठवा. हीच आमची शिकलेली मंडळी पंख्याखाली, एसीत बसून मास्क हनुवटीला लटकवत होती. का? तर "श्वास कोंडतो हो". ऑक्टोबरच्या उन्हात पंप घेऊन पऱ्हाटीत शिरलेल्याचा श्वास कोंडत नसेल?

कुणी म्हणेल, चौकशी झाली की. झाली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. 2020 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली. कंपनीने जबाबदारी नाकारली. कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही. पण आर्णी-घाटंजीकडची माणसं तीन वर्षांनंतरही कोणता डबा, कोणत्या दिवशी, किती पंप हे विचारत होती. आपण पहिल्या मिनिटालाच विचारायचं बंद केलं होतं. माझा सगळा राग त्यावर आहे. निकाल चुकला तर एक वेळ चालेल, पण तो इतका सोयीचा असतो की त्यानंतर विक्रेत्याला, कंपनीला, कृषी खात्याला कुणी काही विचारतच नाही. मेलेला माणूस तर उत्तर द्यायला येत नाहीच.

तेव्हा पुढच्या लग्नात माझ्या शेजारी बसलात आणि हा विषय निघाला, तर मी आधी एवढंच विचारणार आहे. शेत कुणाचं होतं, औषध कुणी निवडलं, दिवसाला किती पंप मारायचे होते, आणि घरून निघताना त्याच्या हातात मास्क दिला होता कुणी?