मैदान हवें, पण कोठें?

व्यायामाचें महत्त्व अमरावतीकरांस सांगावयास नको. येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. तथापि मैदान कोठें असावें, हाही विचार अवश्य आहे. नवी मुंबईंत नेरूळनजीकच्या पाणथळ जागेवर गोल्फचें मैदान व घरें उभारण्यास दिलेली मोकळीक मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें रद्द ठरविली. पुढें वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. ओहोटीस खाडीच्या चिखलांत चरणारे रोहित पक्षी भरतीच्या वेळीं अशाच उथळ पाण्यांत विसांवतात. तेथें भराव पडला, कीं पक्ष्यांचा थारा जातो आणि पावसाचें पाणी वस्तींत शिरतें. उद्यां आपल्या वडाळी तलावाचा प्रश्न निघाल्यास घरांतील वडील मंडळींनीं हें स्मरावें: मैदान दुसरीकडे करतां येतें, पाणथळ जागा दुसरीकडे नेतां येत नाहीं.