अडगळीतली सायकल पुन्हा रस्त्यावर

जिन्याखाली धूळ खात पडलेली आजोबांची काळी सायकल दर दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. शेवटी भंगारवाला ती किलोच्या भावाने घेऊन जातो. त्याच घरात मुलाचे कॉलेज दूर असते आणि रिक्षाचे भाडे महिन्याचा हिशेब बिघडवत असते. खरे तर थोड्या खर्चात ही सायकल पुन्हा धावू शकते. मात्र पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे आधी ठरवायला हवे.

सर्वप्रथम सांगाडा तपासावा. हँडलखालच्या नळीचे जोड आणि पुढचा चिमटा पुसून उजेडात पाहावा. वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो. पण जोडापाशी चीर दिसली किंवा चिमटा वाकलेला असला, तर मोह सोडावा. सांगाडा सरळ आहे का, हे सुतळीने कळते. मागचे चाक बसते तिथे एका बाजूला सुतळी बांधावी, हँडलच्या नळीभोवती फिरवून दुसऱ्या बाजूला ताणून आणावी. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर सारखे हवे.

उंचीही पाहावी. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर दांडीच्या वर दोन बोटे तरी जागा राहावी. 'आता मोठी वाटते, पण पुढे पुरेल' हा कपड्यांचा हिशेब इथे लावू नये.

खर्चाचा पहिला मान ब्रेक आणि टायरचा. पडून राहिलेले ब्रेकचे रबर दगडासारखे कडक होतात, टायरला भेगा पडतात. या वस्तू नव्याच घ्याव्यात. सीट, कॅरिअर, मडगार्ड मात्र दुरुस्तीवाल्याच्या जुन्या सामानातून स्वस्तात मिळू शकतात.

मग ओव्हरऑइलिंग. छर्रे बदलून नवे ग्रीस भरावे आणि चाकांचा आऊट काढून घ्यावा. चेन स्वच्छ करून मोजावी. एका खिळ्यापासून पुढचा चोविसावा खिळा बरोबर 12 इंचांवर हवा. अंतर अष्टमांश इंचाने वाढले असेल, तर चेन बदलावी. घरी काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. भलतीकडे जोर लावला, तर ते सुटण्याऐवजी आवळत जाते.

रस्ता चढाचा असेल, तर मागचे 18 दातांचे फ्रीव्हील काढून 22 दातांचे बसवावे. वेग थोडा कमी होतो, पण चढावर पाय भरून येत नाहीत. चेन मात्र थोडी वाढवावी लागू शकते.

रंगाची पाळी सर्वांत शेवटी. गंज घासून रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन पातळ हात पुरेत. पुढे वेताची टोपली, मागे लाल रिफ्लेक्टर आणि खणखणीत घंटी लावली की सायकल ओळखूही येत नाही.

एकूण खर्च नव्या सायकलीच्या निम्म्यावर जाऊ लागला, तर पुन्हा विचार करावा. पहिली फेरी मोकळ्या मैदानात मारावी आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत. जुन्या सायकलींचे सळईचे ब्रेक ओल्या लोखंडी रिमवर उशिरा लागतात, हे पावसाळ्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावे. रंग थोडा ओबडधोबड झाला, तरी चालेल. ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको.