गोळी मिळते, ऐकणारा मिळत नाही

परवा येलदरीत चहा पिताना एकानं मोबाईल पुढं केला. "भाऊ, परदेशात नशेच्या औषधानं मनाचे आजार बरे करायलेत म्हणे. आपल्याकडं कधी येणार?"

बातमी खरी, पण अर्धी. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सायलोसायबिन देण्याची मुभा दिली. अमेरिकेच्या एफडीएनं मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला नकार दिला. आपल्याकडं १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं दोन्हींवर बंदी आहे. तेव्हा कोणी "मशरूमनं डिप्रेशन घालवतो" म्हणत आला तर दारातूनच वाटेला लावा.

पण मंडळी, त्या बातमीतली खरी गोष्ट औषध नाहीच. अमेरिकेतल्या चाचण्यांत औषध घेतलेल्या माणसाजवळ दोन थेरपिस्ट आठ-आठ तास बसून होते. आधीच्या आणि नंतरच्या बोलण्याच्या बैठका वेगळ्याच.

आता आपलं बघा. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. ज्या घरात कर्जापायी कर्त्या माणसानं जीव दिला, तिथल्या बाईला झोपेची गोळी मिळते. तिच्याजवळ तासभर कोण बसतं?

आपल्याला नवं औषध नको, आधी बसणारा माणूस द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक आणि दार लावता येईल अशी एक खोली. एवढंच. मतं मागायला येतील त्यांना हेच विचारा.

तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर घरात लिहून ठेवा.