गळाचें वळण

गेल्या ज्येष्ठांत आमचा नातू चार दिवसांकरितां पुण्याहून धाराशिवास आला, तो एक लांबट पेटी घेऊन. पेटींत पुस्तकें असतील अशी आमची समजूत. निघाली मासे धरण्याची काठी. आमच्या घरांत आजवर मासा शिजलेला नाहीं. आमच्या कुटुंबानें ती पेटी ओसरीच्या आंत येऊं दिली नाहीं. नातू म्हणाला, "आजी, मी खाण्यासाठीं धरीत नाहीं. धरतों आणि परत सोडून देतों." त्यावर ती म्हणाली, "मग धरतोस कशाला?"

आम्हीं मध्यस्थी केली, आणि त्यास कारण होतें. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांत मासाहि आहे. जिभेच्या मोहानें तो बडिशास लागून प्राणास मुकतो, म्हणून तो गुरु. हा भाग आम्हीं मुलांना कितीदां तरी समजावून सांगितला असेल. परंतु बडिश, म्हणजे आपला गळ, माशाच्या मुखांत कोठें व कसा शिरतो, हें डोळ्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. शिवाय आमच्या उमरग्याच्या सीमेपलीकडे जें कल्याण, तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) यानें आपल्या 'मानसोल्लासां'त 'मत्स्यविनोद' म्हणून सबंध प्रकरण घातलें आहे. माशांच्या सुमारें ३५ जाती, त्यांना चारावयाचें खाद्य, दोरी, काठी, गळ, सारें त्यांत आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो ग्रंथ संपादिला. शेजारच्या राजानें ज्यास विनोद म्हटलें, तें एकदां पाहावें, असें मनांत आलें.

जवळच्या एका तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. तिची परवानगी काढली, आणि संस्थेचे एक वृद्ध भोई सोबत आले. त्यांना सारे तात्या म्हणतात. आम्हीहि तसेंच म्हणूं लागलों.

नातवास हवी होती मरळ. ही लव्हाळ्यांत दबा धरून बसते आणि जिवंत बेडूक वा मासोळी दिसतांच झडप घालते. अमेरिकेंत लार्जमाउथ बास म्हणून रुंद तोंडाचा मासा आहे, त्याची शिकारीची रीत बरीचशी अशीच. पेटींतील पुष्कळशी सामग्री मुळांत त्याच्यासाठींच घडविलेली. मात्र मरळीस अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते, पाण्याखालीं अडकवून ठेवली तर ती गुदमरते. नातवानें एक जिवंत मासोळी ओठांतून गळास लावली. त्या वेळीं आम्हीं दुसरीकडे पाहिलें, हें कबूल केलें पाहिजे.

पहिल्या दिवशीं गळ साधा होता. मरळीनें आमिष घेतलें. नातू जरा अधिकच थांबला आणि मग त्यानें जोरानें हिसका दिला. ती कांठावर आली तेव्हां दोरी घशांतून आंत गेलेली, गळ पोटांत रुतलेला. चिमट्यानें ओढतां ओढतां रक्त आलें. अशा वेळीं गळ ओढूं नये, दोरी तोंडापाशीं कापून मासा सोडावा, त्यांत जगण्याची आशा अधिक असते, हें पोरास ठाऊक होतें. पण हात घाईंत असला म्हणजे ठाऊक असलेलें कामास येत नाहीं. त्यानें तिला पाण्यांत सोडली. थोड्या वेळानें ती कुशीवर होऊन वर आली. तात्यांनीं ती उचलून टोपलींत टाकली. "वाया कशापाई घालवायची, मास्तर?" शाळेंत असतों तर आम्ही चार शब्द बोललों असतों. तेथें बोलवेना.

दुसऱ्या दिवशीं पेटींतून निराळे गळ निघाले. यांचें टोंक समोर न पाहतां आंत, दांड्याकडे वळलेलें, जवळजवळ वर्तुळच. हें लागणार तरी कसें, असें आम्हांस वाटलें, आणि तात्या तर हंसलेच. युक्ति अशी कीं, माशानें आमिष गिळलें तरी दोरी ताणली जातां हा गळ घशास न टोंचतां घसरत पुढें येतो. मासा तोंड वळवून निघाला कीं जबड्याच्या कोपऱ्याशीं फिरून तेथेंच रुततो. नेहमींच असें होतें असें नाहीं, पण पोटांत रुतण्याचें प्रमाण पुष्कळ कमी होतें. अट एकच: हिसका द्यावयाचा नाहीं. दोरी हलकेंच ताणूं द्यावयाची व सावकाश गुंडाळावयाची. पॅसिफिकच्या बेटांवरील लोक असे वळलेले गळ हाडांचे व शिंपल्यांचे करीत आले आहेत. आणि अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेवाला बास खऱ्या आमिषानें धरणाऱ्या हौशी लोकांस २०२१ पासून हाच गळ सक्तीचा आहे.

अट सोपी दिसते, पण हाताची संवय जात नाहीं. दोनदां पोरानें हिसडलें, दोन्ही वेळां गळ रिकामा आला. तिसऱ्या वेळीं आम्हीं त्याच्या मनगटावर हात ठेवला. दोरी चालली, ताणली, काठी आपोआप वांकली. मरळ आली, ती जबड्याच्या कोपऱ्यांत अडकलेली. ओल्या हातानें धरून गळ जरासा फिरवतांच निघाला, आणि एका फटकाऱ्यासरशीं ती लव्हाळ्यांत दिसेनाशी झाली.

तात्यांस हें मुळींच रुचलें नाहीं. "मास्तर, संस्थेनं सोडलेलं कटला-रोहूचं बी हीच खाती. आन् तुम्ही हिला सोडतां?" त्यांचें पोट त्या बिजावर आहे, आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पण सायंकाळीं नातवानें लव्हाळ्याच्या कडेस काठी उगारली, तेव्हां त्याच तात्यांनीं ती धरली. पाण्यावर तांबूस नारिंगी ठिपक्यांचा एक पुंजका हालत होता. मरळीचीं पिलें अशींच थव्यानें वर येतात, आणि आईबाप खालीं राखण करितात. तीं उचललीं गेलीं कीं पिलें इतर माशांच्या तोंडीं. "हितं नगं. पोरं हायेत तिची." वास्तविक मृग लागल्यावर मरळीस गळ टाकणेंच बरें नव्हे, हें आधीं विचारावयास हवें होतें, तें आम्हांसहि सुचलें नाहीं.

घरीं आल्यावर आजीनें विचारलें, "मासा जिवंत गेला?"

"हो."

"आणि गळास लावला होतास तो?"

नातू हात धुवावयास गेला. दुसऱ्या दिवशीं मोटारीस निघण्यापूर्वीं त्यानें साधे गळ होते तेवढे तात्यांस देऊन टाकले. वांकडे मात्र बरोबर नेले.